पद्मिनीचे दुखणे

या सदराच्या जुन्या वाचकांना आमची पद्मिनी ठाऊक आहे. नव्यांचा गैरसमज नको म्हणून सांगतो, पद्मिनी ही आमची मोटार. १९८८ साली आबांनी, म्हणजे आमच्या वडिलांनी, नंबर लावून, वाट पाहून आणि प्रॉव्हिडंट फंडाला हात घालून ती घेतली. तेव्हा आमच्या जळगावच्या गल्लीत दोन स्कूटरी आणि बाकी सगळ्या सायकली. गाडी दारात आली त्या दिवशी आईने तिला ओवाळले, आणि शेजारच्या काकूंनी 'बोनेटवर हळदीकुंकू वाहिलं तर रंग जाईल का हो?' असे काळजीने विचारले होते.

हिचे माहेर मुंबईचे, कुर्ल्याचे. वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये स्थापन केलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सने इटलीच्या फियाटचा अकराशेचा सांगाडा इथे आणला. त्याचेच पुढे 'डिलाइट' झाले, थोडे दिवस 'प्रेसिडेंट' झाले आणि शेवटी चितोडच्या राणीचे नाव मिळून 'पद्मिनी' झाली. इंजिन १०८९ सीसीचे, चार सिलिंडरचे. ३० ऑक्टोबर २०२३ पासून मुंबईच्या रस्त्यांवरून पद्मिनी टॅक्सी कायमच्या गेल्या, तेव्हा वर्तमानपत्रांतून तिचे मृत्युलेख आले. ते वाचून आमच्या चिरंजीवांनी पुण्याहून फोन केला, "बाबा, आपलीला कधी निरोप द्यायचा?" पंधरा वर्षे झाली की दर पाच वर्षांनी गाडीची नोंदणी पुन्हा करून घ्यावी लागते. ते सोपस्कार मी २००३ पासून निमूटपणे करीत आलो आहे. मी म्हणालो, "माझी आणि तिची मुदत एकदमच संपू दे."

पण गेल्या वर्षी पद्मिनी वाजू लागली.

खरे सांगायचे तर ती वाजू लागली हे मला हिने सांगितले. ही म्हणजे आमचे कुटुंब. गणपतीत आरतीचे सामान आणायला निघालो असताना ही म्हणाली, "अहो, काहीतरी वाजतंय." मी कान दिला. मला काही ऐकू आले नाही. नवऱ्याला बायकोचे बोलणे जसे तीस वर्षांनंतर ऐकू येईनासे होते, तसेच काहीसे मी मनात समजलो. नवरात्र आले तोवर मात्र आवाज इतका वाढला की मलाही ऐकू येऊ लागला. गाडी टॉप गिअरमध्ये चाळीसच्या आसपास गेली आणि ॲक्सिलरेटर दाबला की खालून ठकठक, ठकठक. पाय उचलला की बंद.

आता मोटारीचा आवाज म्हणजे पोटदुखीसारखा. ज्याला सांगावे त्याच्याजवळ औषध असते. पहिले निदान शेजारच्या निवृत्त ओव्हरसियरांनी केले: टॅपेट. टॅपेटमध्ये केसाएवढी फट ठेवलेली असते. ती झिजून वाढली की टिकटिक होते, हे बरोबर. पण टॅपेटांना हलवणारा कॅमशाफ्ट इंजिनाच्या निम्म्या वेगाने फिरतो, म्हणून ती टिकटिक शिवणयंत्रासारखी हलकी आणि सावकाश असते. आणि गाडी दारात उभी असतानाही ती येतच राहते. आमचा आवाज तसा नव्हता. दुसरे निदान माझ्या बँकेतल्या एका मित्राचे. त्याच्या मते टायमिंग पुढे गेले होते. ठिणगी गरजेपेक्षा आधी पडली तर चढावर इंजिन किणकिणते, डब्यात काचेच्या गोट्या हलवाव्यात तसे. पूर्वी पेट्रोलात शिसे घालीत, त्याने हा दोष दबून राही. २००० सालच्या फेब्रुवारीपासून देशात बिनशिशाचेच पेट्रोल आले, तेव्हा आबांनी टायमिंग थोडे मागे घेऊन घेतले होते. ते मी तपासून पाहिले. जागच्या जागी होते.

तिसऱ्याने फॅनबेल्ट काढून इंजिन मिनिटभर चालवायला सांगितले. ही युक्ती मात्र चांगली आहे आणि फुकट आहे. पट्टा काढला की डायनामो आणि पाण्याचा पंप दोघेही थांबतात. तेवढ्याने आवाज गेला तर दोघांतला एक चोर. आमच्या बाबतीत उभ्या गाडीला मुळात आवाजच नव्हता. मग जायचे काय आणि थांबायचे काय?

अखेर गाडी गॅरेजमध्ये नेली. गॅरेजचे नाव सांगत नाही. तिथला माणूस तरुण होता, नव्या गाड्यांना संगणकाची वायर जोडून दोष वाचण्यात तरबेज होता. आमच्या पद्मिनीला ती वायर जोडायला भोकच नाही, हे पाहून तो जरा खट्टू झाला. तरी त्याने एक फेरी मारली, जोरात ॲक्सिलरेटर दाबला, ठकठक ऐकली आणि परत येऊन गंभीरपणे म्हणाला, "काका, मेटल गेलं. बिग एंड."

ज्यांना या शब्दांचा अनुभव नाही त्यांच्यासाठी एवढेच सांगतो की हे शब्द उच्चारताना मिस्त्री टोपी काढतात. पिस्टनचा दांडा क्रँकला जिथे धरतो तिथले मऊ धातूचे अस्तर झिजले की दांडा क्रँकवर आपटू लागतो. तसेच चालवत राहिले तर एके दिवशी तो दांडा तुटून इंजिनाची भिंत फोडून बाहेर येतो. उपाय एकच. इंजिन उतरवायचे, क्रँक घासून घ्यायचा, नवे मेटल बसवायचे, आणि एवढे उघडलेच आहे तर पिस्टन, रिंगा, व्हॉल्व्ह. आकडा पन्नास हजारांच्या पुढे गेला. शिवाय, "सामान मिळेल याची गॅरंटी नाही, काका."

रात्री चिरंजीवांचा फोन. त्यांनी धुळ्याचा एक जुन्या गाड्यांचा घेणारा गाठून ठेवला होता. तो गाडी भंगाराच्या भावात घेणार होता. मी 'हो' म्हणालो. कसा म्हणालो ते विचारू नका. हीसुद्धा काही बोलली नाही. तिने फक्त कपाटातून आबांची वही काढून माझ्यासमोर ठेवली.

आबांची ती वही म्हणजे पद्मिनीची जन्मपत्रिका. पेट्रोल किती, ऑइल केव्हा बदलले, कुठे पंक्चर झाले, सगळे बारीक अक्षरांत. आबा रोज सकाळी गाडी सुरू करून निघण्यापूर्वी एक मिनिट डोळे मिटून उभे राहत. आम्ही मुले हसायचो, 'आबा इंजिनाची प्रार्थना म्हणतात' म्हणून. ते ऐकत असत. वहीच्या शेवटच्या पानावर त्यांनी लिहून ठेवले होते: आवाज आला तर आधी मिस्त्री शोधू नये. केव्हा येतो, केव्हा थांबतो, कशाबरोबर वाढतो ते लिहावे. नंतर मिस्त्री.

ते पान वाचून मी वही मिटली. व्यवहार ठरलाच होता.

भाऊबीजेला धुळ्याला आक्काकडे जायचेच होते. आक्का माझ्याहून दहा वर्षांनी मोठी. ठरले असे की पद्मिनी हळूहळू चालवत धुळ्याला न्यायची, आक्काला ओवाळणी घालायची, दुसऱ्या दिवशी गाडी त्या घेणाऱ्याच्या स्वाधीन करायची आणि परत एसटीने यायचे. परतीची दोन तिकिटे मी काढूनही ठेवली. मेटल गेलेल्या गाडीतून नव्वद किलोमीटर जाणे हा शहाणपणा नव्हे, हे मला कळत होते. गॅरेजवाल्याने 'तीस-पस्तीसच्या वर नेऊ नका, ऑइलचा दिवा लागला तर जागीच थांबा' असे बजावले होते. वाचकांपैकी कुणी हा कित्ता गिरवू नये.

डिकीत बामणोदची भरताची वांगी, केळ्यांचा एक फणा, फराळाचे दोन डबे. सकाळी निघालो. गल्लीतून गाडी मागे घेऊन रस्त्यावर काढली तेव्हा ही काहीशी विचारात पडलेली दिसली. बांभोरीजवळ गिरणेचा पूल ओलांडला, पाळधी गेले. हा रस्ता आता चौपदरी झाला आहे आणि सहा नंबरचा हमरस्ता त्रेपन्न नंबरचा झाला आहे. पण आमच्या पिढीच्या तोंडी अजून सहाच. ट्रक भोंगे वाजवीत आम्हांला मागे टाकीत होते. एका ट्रॅक्टरनेही टाकले. त्याच्या चालकाने वळून पाहिले त्यात दया होती.

एरंडोलच्या पुढे एका लहानशा चढावर ठकठक सुरू झाली. मी पाय उचलला.

"पुन्हा दाबा," ही म्हणाली.

"कशाला?"

"दाबा तर."

दाबला. ठकठक आली.

"ऐकलंत? आधी ठक होतं, मग किण."

"किण कुठलं? नुसतं ठक आहे."

"अहो, प्रत्येक ठकच्या मागे बारीक किण आहे. पितळेची वाटी टेकवल्यासारखं. आणि ते पुढून येत नाही. माझ्या पायाखालून येतंय."

मी पुन्हा पाय उचलला, पुन्हा दाबला. मला ठकच ऐकू येत होते. पारोळा येईपर्यंत तिने माझ्याकडून हा प्रयोग सातआठ वेळा करून घेतला आणि हिशेबाच्या वहीच्या मागे लिहीत गेली. गणपतीपासून हा आवाज ऐकणारी माणूस तीच. पण त्याबद्दल तिला एकानेही, अगदी मीसुद्धा, काही विचारले नव्हते. सगळे निदान पुरुष मंडळींनी परस्पर केले होते.

पारोळ्याला किल्ल्याची भिंत दिसू लागली तशी ही म्हणाली, "इथे थांबवा. एखादा म्हातारा मिस्त्री बघा. तरुण नको."

सणाचा दिवस. बहुतेक दुकाने बंद. एका टपरीवजा गॅरेजचे फळकूट अर्धे उघडे होते आणि आत एक वयस्कर गृहस्थ चहा पीत बसले होते. बाहेर ट्रॅक्टरचे सुटे भाग आणि दोन पाण्याची डिझेल इंजिने. खानदेशात ज्याचे आयुष्य विहिरीवरच्या इंजिनांत गेले त्याचे कान वेगळेच असतात; शिवारात बसून तो सांगतो, कुणाचे इंजिन पाणी ओढते आहे आणि कुणाचे नुसतेच धावते आहे. पद्मिनी पाहताच त्यांच्या चेहऱ्यावर ओळखीचे हसू आले.

"काय व्हयनं, भाऊ?"

मी 'बिग एंड' म्हणालो. त्यांनी बोनेट उघडायला लावले. इंजिन सुरू केले. लांब पेचकस घेऊन त्याचे टोक चेंबरला टेकवले आणि मूठ कानाशी लावली. पॅरिसच्या लेनेक नावाच्या डॉक्टराने १८१६ साली कागदाची सुरळी करून रोग्याच्या छातीला लावली आणि तिच्यातून स्टेथोस्कोप जन्माला आला म्हणतात. आमच्या मिस्त्री मंडळींनी तीच विद्या पेचकसावर भागवली. दोनतीन ठिकाणी ऐकून त्यांनी एकेका प्लगची वायर काढून पाहिली. मेटल गेले असेल तर ज्या सिलिंडरची वायर काढावी त्याचा आवाज दबतो, कारण स्फोटच होत नाही, तर दांड्यावर जोर कुठून येणार? मग इंजिनला दोनचार झटके दिले. गेलेले मेटल अशा वेळी गप्प बसत नाही. आमचे इंजिन शांतपणे घुमत राहिले. ऑइलचा दिवाही विझलेला.

"आवाज कथा शे?" त्यांनी मला विचारले.

मी हिच्याकडे पाहिले. तिने वही उघडली. चढावर येतो. पाय उचलला की थांबतो. मागे माणसे किंवा सामान असले की वाढतो. उभ्या गाडीत कधीच येत नाही. ठकच्या मागे किण आहे. आणि शेवटी जरा संकोचून म्हणाली, "एक आणखी आहे. गाडी मागे घेताना येत नाही. आमच्या गल्लीत मागे घ्यायला चढ आहे, तिथे किती जोर लावला तरी येत नाही. पुढे घेताना त्याच चढाला येतो."

मिस्त्रींनी चहाचा ग्लास खाली ठेवला.

"मांगे लेतांना नही येस?"

"नाही."

"मंग हाऊ आवाज इंजिनना नही शे, वहिनी. इंजिन हालस, म्हनीसन वाजस."

पुढच्या पाच मिनिटांत त्यांनी जे दाखवले ते मी जन्मभर विसरणार नाही. मला आत बसवून हँडब्रेक ओढायला लावला, पायाचा ब्रेक दाबायला लावला, पहिला गिअर टाकून क्लच किंचित सोडायला सांगितला. गाडी जागेवर, पण इंजिनवर जोर. ही पुढे उभी राहून पाहत होती. सबंध इंजिन एका कुशीवर कलले आणि खालून स्पष्ट आवाज आला: ठक. ही ओरडली, "किण!" मग रिव्हर्स. इंजिन दुसऱ्या कुशीवर कलले. आवाज नाही.

कारण सांगतो, कारण हे मला गॅरेजमध्ये कुणी सांगितले नाही. इंजिन आणि गिअरबॉक्स गाडीत रबराच्या उशांवर बसवलेले असतात. मिस्त्री लोक त्यांना फाउंडेशन म्हणतात. इंजिन चाकांना एका अंगाने पिळते तेव्हा ते स्वतः दुसऱ्या अंगाला वळू पाहते. रबर चांगले असेल तर ते त्याला धरून ठेवते. आमच्या गाडीचे एका बाजूचे रबर कुजून बसले होते. जोर आला की इंजिन कलायचे, त्याच्याबरोबर सायलेन्सरची नळी कलायची आणि गाडीच्या तळाला आपटायची. पुढे जाताना एका बाजूला, मागे येताना उलट बाजूला. आणि उलट बाजूला नळीला आपटायला काही नव्हतेच. क्रँकवर आपटणाऱ्या दांड्याला मात्र गिअर पुढचा की मागचा याचे सोयरसुतक नसते. मिस्त्री गाडीखाली सरकले आणि टॉर्च धरून मला बोलावले. काळ्या काजळीने माखलेल्या नळीवर रुपयाएवढा एक ठिपका घासून आरशासारखा चकचकीत झाला होता.

रबर का कुजले? टॅपेट कव्हरच्या पॅकिंगमधून ऑइल झिरपून त्याच्यावर ठिबकत होते. रबराला खनिज तेल लागले की ते फुगते, मऊ पडते. ते पॅकिंग बदला असे मला दोन वर्षांपूर्वी सांगण्यात आले होते. 'जुनी गाडी आहे, थोडे गळणारच' असे म्हणून मीच ते टाळले होते. तेव्हा या प्रकरणात गॅरेजवाल्याला बोल लावण्याचा मला फारसा अधिकार नाही.

मिस्त्रींनी जुन्या टायरचा एक तुकडा कापून त्या उशीखाली ठोकून बसवला आणि नळीचा क्लॅम्प थोडा फिरवून घेतला. दोनशे रुपये सांगितले. मी पाचशेची नोट पुढे केली तर तीनशे परत दिले. हिने डिकीतून फराळाचा एक डबा काढून दिला, तो मात्र घेतला. पारोळ्यापासून फागण्यापर्यंत मी साठाने गेलो. ही मागे टेकून बसली होती. मघाचा ट्रॅक्टर मात्र कुठे दिसला नाही, नाहीतर त्याचीही भेट घ्यायची होती.

धुळ्याला आक्काने ओवाळले. शेवभाजी झाली, भरीत झाले. आमचे मेहुणे डॉक्टर. सगळी हकिगत ऐकून त्यांनी विश्वेश्वरय्यांची गोष्ट काढली. मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या १८८४ मध्ये मुंबई इलाख्याच्या बांधकाम खात्यात लागले आणि नोकरीच्या आरंभी धुळ्याला पांझरेच्या पाटबंधाऱ्याच्या कामावर होते, याचा धुळेकरांना भारी अभिमान. रात्री आगगाडीत झोपलेले असताना चाकांचा ताल बदललेला ऐकून त्यांनी साखळी ओढली आणि पुढे रूळ उखडलेला सापडला, अशी गोष्ट शाळांतून सांगतात. खरी असो वा रचलेली, मेहुण्यांनी ती सांगितली हिच्याकडे पाहून. मग माझ्याकडे वळून म्हणाले, "आणि तुला ती किण ऐकूच आली नाही?"

"नाही, दाजी."

"सकाळी पाखरांचा आवाज येतो?"

मी विचार केला. आमच्या परसात कडुनिंब आहे. त्यावर शिंजीर येतात. त्यांचा बारीक आवाज मी शेवटचा केव्हा ऐकला ते आठवेना. कुकरची शिट्टी ऐकू येते, पण दारावरची घंटा ही मलाच सांगते. फोन वाजला की चिरंजीव म्हणतात 'दोनदा केला होता'. मेहुण्यांनी सांगितले की वय झाले की कान वरच्या पट्टीपासून जातात. आधी बारीक, उंच आवाज जातात. जाड, खालचे आवाज राहतात. म्हणून माणसाला वाटत राहते की आपल्याला सगळे ऐकू येते, लोकच पुटपुटतात. मी हिच्याकडे पाहिले. गेली दोनतीन वर्षे मी तिला 'जरा मोठ्याने बोल की' म्हणत आलो आहे.

दुसऱ्या दिवशी मेहुण्यांच्या ओळखीच्या कानांच्या डॉक्टरांकडे गेलो. बंद खोलीत बसवून, कानावर यंत्र लावून, आवाज आला की बटण दाबायचे. बाहेर आल्यावर त्यांनी आलेख दाखवला. डावीकडे रेघ बरी होती. उजवीकडे, उंच स्वरांच्या बाजूला, सातपुड्याच्या उतारासारखी खाली आली होती. ही तो कागद बराच वेळ हातात धरून बसली. मग एवढेच म्हणाली, "मला वाटायचं, तुम्ही मुद्दाम करता."

यावर काय बोलावे हे मला सुचले नाही.

गाडी घेणाऱ्याचा फोन दुपारी आला. त्याला सांगितले, व्यवहार रद्द. त्याला वाईट वाटले नाही; "पुढच्या वर्षी बघू," म्हणाला. एसटीची तिकिटे रद्द केली. फाउंडेशनची रबरे सण संपल्यावर मिळाली, दोन्ही बाजूंची बदलली, आणि टॅपेट कव्हरचे पॅकिंगही. कानाचे यंत्र मीही घेतले. पहिल्या दिवशी ते लावून पद्मिनी सुरू केली तेव्हा इतके आवाज आले की मी घाबरून इंजिन बंद केले. पट्ट्याचा एक, दाराचा एक, डॅशबोर्डच्या आत कुठेतरी एक. ही शेजारी बसली होती. म्हणाली, "हे सगळे जुनेच आहेत. चला."